टोकियोतली सुशी आणि दुधी भोपळा

पुण्यातल्या चार माणसांना चांगली मिसळ कुठे मिळते म्हणून विचारावे, तर पाच उत्तरे येतात आणि सहावे उत्तर रस्त्याने जाणारा एखादा गृहस्थ न विचारता देऊन जातो. टोकियोत सुशीचे नेमके असेच आहे. फरक एवढाच, की इथे दुकाने हजारोंनी आहेत आणि उत्तर देणारा माणूस इतका नम्र असतो, की तो सांगतो ती वाट चुकीची आहे असे म्हणायची आपल्यालाच लाज वाटावी.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही उभयता पंधरा दिवसांसाठी टोकियोला गेलो. पुतण्या तिथे संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. तो निशी-कासाई नावाच्या उपनगरात राहतो. २००० सालच्या सुमारास संगणकवाली भारतीय मंडळी इथे वस्तीला येऊ लागली, आणि आता भाजी आणायला बाहेर पडले तर वाटेत चार ठिकाणी मराठी कानावर पडते. घरात तूरडाळ, हिंग, गोडा मसाला, सारे काही होते. तेव्हा प्रश्न पोटाचा नव्हता. प्रश्न पंक्तीचा होता.

मी गिरगावातला, मासळीवर वाढलेला. ही सदाशिव पेठेतली. लग्नाला बत्तीस वर्षे झाली. एवढ्या काळात हिने माझ्या पापलेटाला कधी नाक मुरडले नाही. पण जिथे मी हौसेने जेवायला जावे तिथे हिने कोपऱ्यात ताक घेऊन बसावे, असाच आमचा प्रघात पडून गेला. टोकियोत तर ताकही मिळण्याची पंचाईत. तिथल्या बहुतेक रश्श्यांत वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. भाजी म्हणून समोर येते तिलाही त्याचाच वास. "तुम्ही आणि हा जाऊन या हो," ही म्हणाली, "मी घरी पिठलं टाकते." मी सुशीचे उत्तम दुकान शोधायला निघालो तेव्हा एक गोष्ट मनाशी धरून होतो: जिथे हिला ताक पीत बसावे लागेल ते दुकान उत्तम नव्हे.

आता सुशी म्हणजे कच्चा मासा अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नव्हे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानी लोक साशिमी म्हणतात. सुशी म्हणजे शिरक्यात कालवलेला आंबट भात. त्यावर मासा असेल, अंडे असेल, नाहीतर आत नुसती काकडी असेल. भात नसेल तर ती सुशी नव्हे. पूर्वी मासा टिकवण्यासाठी मीठ लावून भातात महिनोन् महिने मुरवत आणि आंबलेला भात टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी अजून असे मासे मुरवतात. पुढे लोक तो भातही खाऊ लागले, मग मुरायची वाट पाहण्याऐवजी भातात शिरका घालू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताचा मुटका वळून त्यावर मासा ठेवून देण्याची पद्धत रूढ झाली. तिचे श्रेय बहुधा र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेई याला देतात. त्या काळी ते गाडीवरचे, उभ्याउभ्या खायचे खाणे होते. कामावरून परतणारा गडी दोन घास मारून पुढे जाई.

या उभ्याउभ्या खाण्याचे आज काय झाले आहे ते पाहायचे तर गिंझाला जावे. पुतण्याने मला प्रथम तिथेच नेले. तिथल्या एका इमारतीच्या तळघरात जिरो ओनो यांचे जगप्रसिद्ध दुकान आहे, जेमतेम दहा माणसांचे. त्यांच्यावर २०११ साली चित्रपट निघाला, २०१४ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तिथे जेवून गेले. मिशेलिनच्या मार्गदर्शिकेने दिलेले तीन तारे पुढे २०१९ च्या अखेरीस यादीतून गेले, आणि त्याचे कारण चव नव्हे: सामान्य गिऱ्हाइकाला तिथे जागा राखताच येत नाही, मग शिफारस कुणाला करायची? आम्ही दाराची पाटी पाहिली आणि वर आलो.

जवळच्याच दुसऱ्या एका दुकानात पुतण्याने फोन लावून चौकशी केली. तिथे 'ओमाकासे' पद्धत. म्हणजे काय खायचे ते तुम्ही ठरवायचे नाही, आचारी देईल ते खायचे. रात्रीच्या जेवणाला माणशी तीस हजार येन. "काकू शाकाहारी आहेत," असे सांगताच पलीकडून दीर्घ शांतता आणि मग क्षमायाचनेची झड लागली. पुतण्याने फोन ठेवला. "काका, ते म्हणतात, त्यांच्याकडे असं काही नाही, फार वाईट वाटतं." वाईट मलाही वाटले. तीस हजार वाचल्याचे समाधान त्यात थोडे मिसळले होते.

दुसऱ्या मुक्कामाला म्हणून आम्ही तोयोसूचा मासळीबाजार पाहिला. १९३५ सालापासून त्सुकिजीला भरणारा हा प्रचंड घाऊक बाजार २०१८ च्या ऑक्टोबरात इथे हलला. त्सुकिजीला बाहेरची किरकोळ दुकाने तेवढी राहिली आहेत. पहाटे साडेपाचच्या सुमारास ट्यूना माशांचा लिलाव सुरू होतो आणि पाहुण्यांनी तो काचेआडून पाहायचा असतो. भाऊच्या धक्क्यावरचा चिखल, पाट्या आणि कोळणींचा आवाज ज्याने अनुभवला आहे त्याला इथली स्वच्छता थोडी इस्पितळासारखी वाटते. पण भाव ऐकला की कान टवकारतात. २०१९ च्या जानेवारीत, नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात, २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनांना गेला. तो घेणाऱ्याचीही सुशीची दुकाने आहेत. बाजाराच्या इमारतीतच छोटी सुशीघरे आहेत आणि सकाळच्या प्रहरी त्यांच्यापुढे रांगा लागतात. रांगेत उभे राहून मी ट्यूनाचा चरबीदार तुकडा, ज्याला तोरो म्हणतात तो, खाल्ला. जिभेवर ठेवताच लोण्यासारखा विरघळला. गंमत अशी, की बर्फाची सोय नव्हती त्या काळी हा भाग लवकर नासतो म्हणून कुणी विचारीत नसे. मांजरही ओलांडून जाईल अशी त्याची ख्याती होती. आज त्याचेच मोल सर्वांत अधिक! ही बाहेर बाकावर बसून विणकाम करीत होती.

तिसरा प्रकार फिरत्या पट्ट्याच्या सुशीचा. योशिआकी शिराइशी नावाच्या दुकानदाराने बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि १९५८ साली ओसाकाजवळ पहिले असे दुकान काढले. कमी माणसांत अधिक गिऱ्हाइके, म्हणून स्वस्त. आजकाल बऱ्याच ठिकाणी पट्ट्यावर सारे फिरत नाही; समोरच्या पडद्यावर बोट दाबले की मागवलेली थाळी तेवढी सुर्रकन येऊन थांबते. पोरेबाळे, आजी-आजोबा, सारे कुटुंब तिथे बसते. हिने काकडीची गुंडाळी खाल्ली, ती आवडलीही. पण भात यंत्राने दाबलेला, थंडगार. "फोडणी न दिलेला दहीभात," असा तिचा अभिप्राय पडला. म्हणजे ताकापासून दह्यापर्यंत आमची प्रगती झाली होती.

इथवर आल्यावर मी पुतण्याच्या घरमालकांना गाठले. वय सत्तरीच्या पुढचे. त्यांनी विचारले, "ट्यूना कुठला चांगला हे विचारता, की दुकान कुठले चांगले हे?" मी म्हटले, दुकान. तेव्हा ते म्हणाले, "मग अंडे, कोहादा आणि काम्प्यो खा. पैसे टाकले की उत्तम ट्यूना कुणीही आणतो."

याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. कोहादा हा हाताएवढाही नसलेला, काटेरी, स्वस्त मासा. त्याला मीठ किती वेळ लावायचे आणि शिरक्यात किती बुडवायचे हे त्या दिवशीच्या हवेवर आणि माशाच्या चरबीवर ठरते. जरा चुकले की खारट, जरा कमी पडले की उग्र. अंड्याची वडी मंद आचेवर थराथराने रचायची. आणि काम्प्यो? तो चक्क आपल्या दुधीच्या जातीचा, गोल गरगरीत भोपळा! त्याच्या लांब पट्ट्या काढून उन्हात वाळवतात, मग भिजवून सोयाबिनच्या रसात साखर घालून शिजवतात आणि भातासकट समुद्रशेवाळ्याच्या कागदात गुंडाळतात. जुन्या एदो पद्धतीत गुंडाळी म्हटली की ती हीच.

आणि या साऱ्यांखाली भात. तो हाताला कोमट, अंगाच्या उबेइतका लागावा. उचलताना सुटू नये, तोंडात गेल्यावर मात्र दाणा न् दाणा मोकळा व्हावा. या भाताचे मोल जपानला १९४७ साली चांगले कळले. महायुद्धानंतर अन्नटंचाईमुळे खाणावळींवर बंदी आली, तेव्हा सुशीवाल्यांनी सरकारशी तोड काढली: गिऱ्हाइकाने घरचे मापभर तांदूळ आणायचे आणि मजुरी देऊन त्याच्या दहा सुशी करून घ्यायच्या. रेशनचे दिवस पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही व्यवस्था सांगितली तर ते लगेच मान डोलावतील. आपल्याकडे गिरणीत दळण नेत, तसे तिथे सुशीचे तांदूळ नेत.

घरमालकांनी सांगितलेले दुकान स्टेशनमागच्या गल्लीत, धोब्याच्या शेजारी निघाले. निळा पडदा, आठ खुर्च्या, देवदारासारखी उजळ लाकडी फळी. सुशीच्या आचाऱ्याला 'इतामाए' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'फळीपुढचा'. हे फळीपुढचे आजोबा साठ-पासष्टीचे होते. पुतण्याने अडखळत सांगितले, की काकू मासे खात नाहीत, मासळीचा अर्कही चालत नाही. मी दुसऱ्या क्षमायाचनेची तयारी ठेवली. म्हातारबुवांनी हिच्याकडे पाहिले, "हाय" म्हणाले आणि आत गेले. येताना त्यांच्या हातात धुतलेली वेगळी पाटी आणि वेगळी सुरी होती. काम्प्यो आपण नुसत्या सोयाबिनच्या रसात आणि साखरेत शिजवतो, अर्क घालीत नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले. आणि मला काही देण्याच्या आधी हिच्यासाठी गुंडाळी वळायला घेतली.

मी मागितलेला कोहादा आला, अंडे आले. दोन्ही उत्तम होते. पण मी पाहत होतो हिच्याकडे. हिने पहिला तुकडा बोटांनी उचलला (सुशी हाताने खाल्ली तरी शिष्टाचार मोडत नाही, हे भारतीय माणसाला फार दिलासा देणारे आहे) आणि चावता चावता थांबली.

"अहो, हा दुधी आहे!"

पुतण्याने भाषांतर केले. आजोबा इतके हसले, की त्यांची पत्नी आतून बाहेर आली. मग मुरवलेल्या मुळ्याची गुंडाळी आली, काकडीची आली, मुरंबी आल्याचे काप आले, मोठ्या पेल्यातून हिरवा चहा आला. तुमच्याकडे दुधीचे काय करतात, हा प्रश्न त्या बाईंनी विचारला आणि पुढचा अर्धा तास दुधी हलव्यात गेला. मी एका बाजूला चहा पीत बसलो होतो. त्या संध्याकाळी पंक्तीच्या मधोमध ही बसली होती.

बिल तिघांचे मिळून गिंझाच्या एका पानाच्या निम्म्यानेही नव्हते.

तेव्हा टोकियोला जाणाऱ्या वाचकांना माझे सांगणे एवढेच. याद्या जरूर पाहाव्यात. गिंझाच्या दुकानात जायचेच असेल तर दुपारी जावे, बहुधा स्वस्त पडते. तोयोसूला रविवारी जाऊ नये, बाजार बंद असतो. पण मुक्काम असेल त्या वस्तीत संध्याकाळी एक चक्कर टाकावी, आठ खुर्च्यांचे दुकान शोधावे आणि ट्यूनाकडे वळण्याआधी अंडे, कोहादा आणि काम्प्यो मागावे. भात कोमट असला आणि आचाऱ्याने तुमच्या माणसासाठी वेगळी सुरी काढली, तर तिथेच बसावे. निघताना "गोचिसोसामा" म्हणायला विसरू नये. जेवण झाल्यावर म्हणायचा हा शब्द. अन्नदात्याने आपल्यासाठी केलेल्या धावपळीचे आभार त्यात आहेत.