द्राक्षबागेतील एक दुपार

ऑक्टोबर सरताना नाशिकच्या गंगापूर धरणालगतच्या द्राक्षबागांत छाटलेल्या वेलींवर पोपटी पालवी असते. घड पिकायला जानेवारी उजाडतो. अशा दुपारी वाइनची चव घ्यायला जाताना घरातील ज्येष्ठांनाही सोबत न्यावे, या मताचा मी आहे. चव घेणे म्हणजे पेलाभर पिणे नव्हे. जेमतेम ३० मिलिलिटर वाइन असते. आधी गंध घ्यावा, घोट जिभेवर घोळवावा आणि हवे तर शेजारच्या भांड्यात टाकून द्यावा. आपल्याला हे अशिष्ट वाटेल, पण तिथली ती रीतच आहे.

गेल्या वर्षी सोबतच्या ७६ वर्षांच्या काकांनी विचारले, "डॉक्टर, मला चालेल ना?"

"काका, मधुमेहाची गोळी कोणती? जेवलात का?"

गोळी ग्लिमेपिराइड, पोट रिकामे. मद्यामुळे यकृत रक्तात साखर सोडण्यात कमी पडते आणि ही गोळी तर साखर उतरवतच असते. मग घाम, थरथर, अडखळते बोलणे. आणि घरचे समजतात, 'चढली'! हे काही तासांनी, झोपेतही घडू शकते. काकांनी सोव्हिन्याँ ब्लाँचा केवळ गंध घेतला आणि त्यात पेरू सापडल्याच्या आनंदात तासभर रंगले.

झोपेच्या वा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही गंधावरच थांबावे. हृदयाला बरी म्हणून वाइन नव्याने सुरू करू नये. पिशवीत ग्लुकोमीटर आणि साखर असू द्या. मात्र शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.