फुकटचा वकील

आज विषय जरा रुक्ष आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 सालचा, पण अंमलात आला 9 नोव्हेंबर 1995 ला. फुकट वकील कोणाकोणाला मिळेल, याची यादी त्याच्या बाराव्या कलमात आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. पुढे पूर, दुष्काळ आणि भूकंप यांनी नाडलेलेही येतात. 'भूकंप' या शब्दापाशी मी थांबले. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली तेव्हा हा कायदा कागदावर होता, लागू मात्र झालेला नव्हता! मी तेव्हा लातूरला शिकवत होते. सगळी कागदपत्रं ढिगाऱ्याखाली गेलेली माणसं वारस म्हणून नाव लावण्यासाठी खेटे घालत होती.

आता मी नांदेडला असते. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी औसा तालुक्यात दिलेली. नवऱ्यानं हाकलून दिलं, म्हणून दोन लेकरं घेऊन ती आईकडे आली. पोटगीच्या अर्जासाठी मावशींनी दोन शेळ्या विकून वकिलाला पैसे दिले. बाई म्हणून तिला वकील फुकट मिळाला असता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाल्या, "बाई, फुकटचा वकील जीव लावून भांडंल का?"

प्रश्न काही खोटा नाही. अशा वकिलांची फी तुटपुंजी असते, आणि चांगले वकील त्या यादीत यायला फारसे उत्सुक नसतात. पण निदान विचारायला तरी कुणी हवं ना? मुलीच्या सासरच्या गावात पूर्वी एक विधी स्वयंसेवक यायचा. पारावर बसून अर्ज लिहून द्यायचा. दिवसावर मानधन, तेही वेळेवर मिळेना, तेव्हा त्यानं किराणा दुकानात नोकरी धरली. त्याला तरी कसा दोष द्यायचा? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या 2025 च्या अहवालात वाचलं, की 2019 ते 2024 या काळात देशातले असे स्वयंसेवक 38 टक्क्यांनी कमी झाले. उरले लाख माणसांमागे साधारण तीन. (नांदेडसारख्या अख्ख्या शहराला किती येतील, तुम्हीच हिशेब करा. मी गणिताची बाई नव्हे!) वकिलाची फी कापली तर निदान वकील ओरडतात. पारावर बसणारा यायचा बंद झाला, तर ओरडणार कोण? ज्यांना त्याची गरज होती, त्यांना तो होता हेच पुष्कळदा ठाऊक नसतं.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. साध्या कागदावर केलेला अर्जही चालतो, लिहिता येत नसेल तर तिथली माणसं तोंडी ऐकून लिहून घेतात. फोन करायचा तर 15100. मावशींच्या मुलीचा अर्ज मी लिहिला, तिनं सही केली. वकील मिळाला आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची, आणि तोवर दोन्ही लेकरं आमच्या गल्लीतल्या शाळेत जाताहेत.