खाशाबा आणि त्यांचे प्राचार्य

पालकहो, आमच्या पेण-रोह्याकडे शाळा सुटली की मुलं कबड्डीला धावतात आणि घरून हाक येते, "खेळून काय पोट भरणार?" अशा वेळी मी वर्गात खाशाबा जाधवांची गोष्ट सांगते. गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ला लंडनमध्ये सहावा आला. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वागताला १५१ बैलगाड्या! अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तर मिळाला. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. आपल्याला घर गहाण टाकायचं नाहीये. मुलांना संध्याकाळचा एक तास मैदानावर द्या, एवढंच.