हातपाय चालते असतानाची वर्षे

घरातील लहानांनी वाकून नमस्कार केला की ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद देण्याची आपली रीत आहे. पण आशीर्वाद देणाऱ्या त्याच वृद्ध व्यक्तीला स्वतःसाठी काय हवे, असे एकदा विचारून पाहा. ‘हातपाय चालते आहेत तोवर देवाने उचलावे’ असेच उत्तर बहुतेक घरांतून ऐकू येईल. या दोन उद्गारांत आयुष्याची दोन वेगवेगळी मापे आहेत. माणूस किती वर्षे जगला हे पहिले माप सांगते. त्यांपैकी किती वर्षे तो स्वतःच्या बळावर जगला, हे दुसरे. आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. यजुर्वेदातील शंभर शरदांच्या प्रार्थनेत केवळ श्वास चालू राहण्याची मागणी नाही. दृष्टी, श्रवण आणि वाणी शाबूत राहावी व दैन्य येऊ नये, हीही मागणी आहे.

पहिल्या मापात आपल्या देशाने मोठी मजल मारली आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या आयुःसारणीप्रमाणे १९७०-७५ या काळात भारतीयांचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षे होते. २०१६-२० मध्ये ते ७० वर्षांवर गेले. एका पिढीला साठीपलीकडचे आयुष्य नव्याने लाभले, असे म्हणण्यास हरकत नाही. दुसऱ्या मापाचा हिशेब मात्र इतका सुखद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये भारतीयांचे आयुर्मान ७०.८ वर्षे होते, तर निरोगी आयुर्मान ६०.३ वर्षे. मधली सुमारे दहा वर्षे आजारपणाने आणि अपंगत्वाने खाल्लेली. स्त्रियांचे एकूण आयुर्मान पुरुषांपेक्षा अडीच वर्षांहून अधिक. निरोगी आयुर्मानात मात्र दोघांत जवळजवळ काहीच अंतर नाही. म्हणजे आपल्या आया, मावश्या आणि आत्या जी अधिक वर्षे जगतात, ती बहुतांशी दुखणे अंगावर काढूनच जगतात.

हे दुसरे माप काढतात तरी कसे? मृत्यूची नोंद होते, तशी ‘आजपासून जिना चढवत नाही’ याची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही. १९६४ मध्ये बार्केव्ह सँडर्स यांनी अशा मापाची कल्पना मांडली आणि १९७१ मध्ये डॅनिएल सलिव्हन यांनी त्याची सुटसुटीत रीत दिली. आयुःसारणीवरून प्रत्येक वयोगटात लोकांनी मिळून किती वर्षे काढली ते घ्यावयाचे. पाहणी करून त्या वयोगटातील किती लोक धडधाकट आहेत ते काढावयाचे. दोहोंचा गुणाकार करून बेरीज मांडली आणि तिला हयात असलेल्यांच्या संख्येने भागले, की उत्तर हाती येते. वहीपेन्सिलीवर जमेल असा हा हिशेब असून जगभर आजही तो वापरला जातो.

तथापि, या रीतीत एक उणीव आहे. एकाच दिवशी काढलेल्या छायाचित्रात माणूस बसलेला दिसला, तर तो आत्ताच बसला, की उठण्याच्या बेतात आहे, हे छायाचित्रावरून कळत नाही. समजा, दोन गावे आहेत. दोन्हीकडे शंभर वृद्धांपैकी वीस परावलंबी आहेत. पहिल्या गावात वर्षभर तेच वीस अंथरुणाला खिळून राहिले. दुसऱ्या गावात त्यांपैकी दहा बरे होऊन हिंडू लागले आणि नवे दहा आजारी पडले. दोन्ही गावांची टक्केवारी एकच. परंतु तेथील वृद्धांचे जगणे आणि तेथे करावयाची उपाययोजना अगदी वेगळी.

मला हा भेद पुस्तकापेक्षा काशीने अधिक नीट शिकविला. माझी थोरली आत्या लग्नानंतर काशीस गेली आणि गेली पन्नासहून अधिक वर्षे मुन्शी घाटावरील एका गल्लीत राहते. श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव मिरविणारा हा घाट. त्याच्या एका बाजूला दरभंग्याच्या राजवाड्याचा उंच दगडी दर्शनी भाग, तर दुसऱ्या बाजूला पुण्यश्लोक अहल्याबाईंच्या नावाचा घाट. पायऱ्या उभ्या, आणि पावसाळ्यात गंगा त्यांतील कित्येक गिळून टाकते. पूर ओसरला म्हणजे चिखलाचा जाड थर मागे राहतो, आणि तो धुऊन काढल्याखेरीज खाली पाऊल टाकण्याची सोय नसते.

आत्या आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सत्तरीपर्यंत तिचे रोजचे स्नान गंगेत होत असे. पुढे ते एकादशीपुरते उरले. दोन वर्षांपूर्वी आषाढात ती घरातच पडली, खुब्याला मार बसला आणि चार महिने ती उंबऱ्याबाहेर गेली नाही. घरातल्या सर्वांनी, आणि खरे तर तिनेही, मनाशी ठरविले होते की आता घाट संपला. परंतु सूनबाईंनी रोज सकाळ-संध्याकाळ तिला भिंतीला धरून चालविले, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम एकही दिवस चुकविले नाहीत, आणि कार्तिकी पौर्णिमेला आत्या काठी टेकीत, नातवाचा खांदा धरून, पाण्यापर्यंत पोचली. श्रावणात कोणी पाहणीस आले असते तर तिची गणना परावलंबी म्हणून झाली असती; मार्गशीर्षात आले असते तर स्वावलंबी म्हणून. या दोन स्थितींमधला प्रवास कळावयाचा असेल, तर त्याच दारी पुन्हा जावे लागते.

पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे जाणाऱ्या पाहण्यांचे महत्त्व येथे आहे. अमेरिकेत १९९२ पासून अशी एक मोठी पाहणी चालू आहे. आपल्याकडे भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मध्ये एकेचाळीस हजारांहून अधिक कुटुंबांस भेट दिली आणि २०११-१२ मध्ये त्यांतील बहुसंख्य कुटुंबे पुन्हा गाठली. वार्धक्यासाठी स्वतंत्रपणे आखलेल्या पाहणीचे केंद्र मुंबईत आहे. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली. तिने आरोग्य मंत्रालयासाठी, हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने, २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. जानेवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. साठीपुढील सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना स्नान, कपडे घालणे, जेवणे, अंथरुणातून उठणे, घरात चालणे किंवा शौचास जाणे यांपैकी निदान एका गोष्टीत अडचण येते, असे त्यात आढळले. त्याच व्यक्तींना पुढेही भेटत राहावे, अशीच या पाहणीची रचना आहे.

अशा माहितीचा हिशेब मात्र वहीपेन्सिलीने होत नाही. तेथे संगणकाचेच काम. फ्रान्सच्या राष्ट्रीय लोकसंख्या अभ्यास संस्थेतील निकोला ब्रुआर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी ‘इमॅच’ नावाचे सॉफ्टवेअर तयार केले असून ते विनामूल्य मिळते. ‘आर’ या मुक्त संगणकभाषेतही ‘एमएसएम’ व ‘इलेक्ट’ अशी साधने उपलब्ध आहेत. सर्वांचा पाया रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या साखळीच्या कल्पनेवर आहे.

ती कल्पना घरगुती भाषेत सांगते. तीन खोल्यांचे घर समजा. पहिली धडधाकटांची, दुसरी परावलंबींची. या दोहोंमधल्या दारातून ये-जा चालू असते. तिसरी खोली मृत्यूची. तिच्यात दोन्हीकडून जाता येते, परत येता येत नाही. पाहणी करणारा दोन वर्षांनी येतो आणि कोण कोणत्या खोलीत आहे एवढेच पाहतो. मध्ये कोण जाऊन परत आले हे त्याला दिसत नाही. सॉफ्टवेअर मधल्या काळाचे महिन्यामहिन्याचे तुकडे पाडते. प्रत्येक वयात, प्रत्येक महिन्यात, एका खोलीतून दुसरीत जाण्याची शक्यता किती असेल तर पाहणीत दिसलेले चित्र सर्वांत संभवनीय ठरेल, हे ते पुन्हा पुन्हा अजमावून ठरविते. त्या शक्यतांची साखळी गुंफून मग उत्तर निघते: आज साठीत असलेली धडधाकट व्यक्ती सरासरीने आणखी किती वर्षे जगेल आणि त्यांपैकी किती स्वावलंबनाने; आणि आज परावलंबी असलेल्या व्यक्तीस बरे होण्याची किती आशा आहे. त्या उत्तरात चूक किती असू शकेल, याची मर्यादाही ते सांगते. एकेका माणसाचे भविष्य वर्तविणारे हे पंचांग नव्हे. आकडा सरासरीचा असतो.

अनुवाद हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे यंत्रापेक्षा मला शब्दांची चिंता अधिक वाटते. गेल्या हिवाळ्यात अशा पाहण्यांत सामान्यतः विचारतात ते प्रश्न मी मराठीत आणून आत्याला विचारले. “न थांबता जिना चढताना अडचण येते का?” आत्या म्हणाली, “न थांबता कशाला चढायचं गं? टेकायला मध्ये ओटा आहे की.” पुढे विचारले, “अंघोळ करताना त्रास होतो का?” ती म्हणाली, “मुळीच नाही. सूनबाई पाणी काढून देते, पाठ चोळते. त्रास कसला?” उत्तर सर्वस्वी खरे होते आणि त्यावरून तिला स्वावलंबी म्हणणे सर्वस्वी चूक ठरले असते. ‘त्रास’ या शब्दात तिच्या मनी कृतज्ञतेला जागा नव्हती. म्हणूनच ‘अडचण येते का’ आणि ‘कोणाची मदत लागते का’ हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. आणि म्हणूनच तीन महिन्यांत संपेल अशी अडचण मोजू नये, अशी सूचना त्यांत असते. सून कामावर जाऊ लागली किंवा नातू परगावी गेला, तर तीच आत्या एका दिवसात परावलंबी ठरेल. तिचे गुडघे मात्र कालचेच असतील.

या आकड्यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. लोक उशिरा खिळतात म्हणून वर्षे वाढली, की खिळलेल्या अवस्थेत अधिक जगतात म्हणून वाढली, यावर पुढील खर्च कोठे करावयाचा हे ठरते. रक्तदाबाच्या गोळ्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, पडल्यानंतरचा व्यायाम, घरी येऊन सेवा करणारी परिचारिका यांपैकी कोणत्या उपायाने किती स्वावलंबी वर्षे पदरात पडतील, हे बरे होणाऱ्यांची मोजदाद झाल्यावाचून कळावयाचे नाही. बरे होता येते हे एकदा आकड्यांनी दाखविले, की ‘आता वयच झाले’ असे म्हणून कोणी वृद्धेला कोपऱ्यातल्या खाटेवर सोडून देणार नाही.

वाचकहो, यात आपल्याकडूनही काही घडण्यासारखे आहे. पाहणी करणारी मंडळी आपल्या दारी आली तर आजीच्या वतीने आपण उत्तर देऊ नये. तिला स्वतः बोलू द्यावे, आणि ‘सगळं ठीक आहे’ असे तिने म्हटले तर कोण काय मदत करते, हे तिच्यासमक्ष आदराने सांगावे. घर बदलले तर नवा पत्ता शेजाऱ्यांपाशी ठेवावा, कारण दुसऱ्या भेटीत न सापडलेला माणूस हिशेबातून गळतो, आणि गळणाऱ्यांत आजारी माणसेच अधिक असण्याचा संभव असतो. घरातले वडीलधारे कोणी पडले, तर पहिल्या आठवड्यातच पुन्हा चालविण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या खोलीतून पहिल्या खोलीत येणारे दार उघडे असते. ते लोटून बाहेर येण्यासाठी बहुधा कोणाचा तरी हात लागतो.