फरीदी, विनोद आणि वामन

आमच्या घरी दोन प्रकारची पुस्तके होती. काही जुजदानात बांधून वर फळीवर ठेवलेली, आणि काही गादीखाली दडवलेली. दुसऱ्या प्रकारची अब्बांची. मालेगावात ते यंत्रमागावर कामाला होते, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. भाड्याने पुस्तके देणाऱ्या मोहल्ल्यातल्या दुकानातून ते इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' आणि 'इमरान सिरीज' आणायचे. भाडे रोजाचे, म्हणून पुस्तक एका दिवसात संपवायचे. मुलींनी असले वाचू नये, असे अम्मीचे मत. अब्बा काही बोलत नसत. फक्त गादीखाली पुस्तक असे ठेवत, की त्याचा एक कोपरा बाहेर दिसावा.

मी सहावीत होते तेव्हा तो कोपरा ओढला, आणि कर्नल फरीदी व कॅप्टन हमीद माझ्या घरी राहायला आले. फरीदी गंभीर, सगळे जाणणारा. हमीद टवाळ, बकरा पाळणारा. आणि कासिम! तो धिप्पाड, खादाड, शब्दांची मोडतोड करणारा श्रीमंत पोरगा आला, की मी तोंडात ओढणी कोंबून हसायची.

इब्ने सफींचे खरे नाव असरार अहमद. जन्म १९२८चा, अलाहाबाद जिल्ह्यातला. उर्दूत फक्त चावट पुस्तकेच खपतात, असे कुणीतरी म्हणाले आणि ते खोटे ठरवायला त्यांनी लेखणी उचलली, अशी हकीकत सांगतात. १९५२ साली अलाहाबादहून 'दिलेर मुजरिम' निघाली, त्याच वर्षी ते कराचीला गेले आणि १९८० साली वारले. पण पुस्तके सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना निघत राहिली. आमच्या अम्मीला ही चावटपणाची गोष्ट आधी कळती, तर गादीखालचे पुस्तक फळीवर आले असते.

नववीत, २००३ साली, आम्हाला मराठी शिकवायला एक बाई आल्या. मोसम नदीच्या पलीकडून, कॅम्पातून यायच्या. आमच्या उर्दू शाळेत मराठीचा तास म्हणजे शिक्षा. मी बाकाखाली पुस्तक धरून वाचत होते, ते बाईंनी पकडले. उर्दू त्यांना वाचता येत नव्हते. 'कशावर आहे?' म्हणाल्या. मी मोडक्या मराठीत सांगितले. कर्नल आहे, त्याच्यासोबत हमीद आहे. बाई एकदम म्हणाल्या, 'अगं, हा तर कर्नल विनोद! माझे वडील हिंदीतून वाचायचे.'

मी गोंधळले. हमीद आमचा, मग हा विनोद कोण? घरी अब्बांना विचारले. ते हसून म्हणाले, 'वही है बेटा. हिंदी में गया तो नाम बदल लिया.' फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश झाला, हमीद मात्र दोन्हीकडे हमीदच राहिला. एकाच माणसाला नदीच्या दोन्ही काठांवर ओळखतात आणि कुणालाच दुसऱ्या नावाचा पत्ता नाही, हे कोडे मला कादंबरीतल्या कोड्यापेक्षा मोठे वाटले.

बाईंनी पुस्तक परत दिले, आणि वर आणखी एक दिले. जयंत नारळीकरांचे 'वामन परत न आला'. मी अर्ध्या पानावर अडले. 'बाई, वामन कोण?' मग त्यांनी बळीराजाची गोष्ट सांगितली. दानशूर राजा, बुटका याचक, तीन पावले जमीन. विज्ञानकथा कळावी म्हणून मला आधी पुराणकथा शिकावी लागली. खोल खणताना सापडलेली पेटी, तिच्यात एका लुप्त, पुढारलेल्या संस्कृतीचे ज्ञान, त्यातून घडवलेला यंत्रमानव वामन, आणि आपल्यासारखे दुसरे घडवण्याची त्याची इच्छा. शब्दकोश जवळ घेऊन तीन आठवडे वाचत होते. माझे मराठी तिथे सुरू झाले. नाहीतर मी आज हे लिहिलेच नसते.

रात्री कांड्या भरता भरता मी ती गोष्ट अब्बांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मशीन अपने जैसी मशीन बनाएगी, तो पगार किसको मिलेगी?'

गेल्या वर्षी मे महिन्यात, २०२५ साली, नारळीकर गेले. तेव्हा ही कादंबरी पुन्हा काढली. बावीस वर्षांनी वाचताना तिच्यातली माणसे मला थोडी ताठ वाटली. बोलतात कमी, समजावून देतात जास्त. पण भीती खरी आहे, आणि हल्ली जास्तच खरी. माझ्या वर्गातली पोरे निबंध मोबाईलमधल्या यंत्राकडून लिहून आणतात. अब्बांचा प्रश्न मी पुस्तकात शोधला. संस्कृतीच्या विनाशाची चिंता आहे, पगाराची मला कुठे सापडली नाही. अब्बा ज्या कारखान्यात होते तिथले साचे मंदीत भंगारात गेले, वजनावर. शेवटच्या दिवशी अब्बा आपल्या मागाचा धोटा खिशात घालून घरी आले. तो अजून घरात आहे.

आता त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही फारसे. रात्री मी त्यांना फरीदी वाचून दाखवते. रहस्य मला आता चौथ्या-पाचव्या पानावरच कळते, आणि परदेशी खलनायक अगदी चित्रातल्या राक्षसासारखे वाटतात. लहानपणी हे खटकले नव्हते. हमीदच्या गप्पा मात्र तशाच ताज्या. अब्बा पुढचे वाक्य माझ्या आधी बोलतात. बऱ्याचदा बरोबर असते. एका रात्री त्यांनी हमीदच्या तोंडी एक लांबलचक टोमणा घातला, मालकावरचा. मी पान उलटून पाहिले. तसे काही नव्हते.

'नहीं है अब्बा.'

'पुरानी छपाई में होगा. देख कहीं से.'

भाड्याच्या पुस्तकांचे ते दुकान आता मोबाईल दुरुस्तीचे झाले आहे. सुट्टीत धुळ्याला एका रद्दीवाल्याकडे जाऊन यायचे ठरवले आहे. टोमणा तिथेही नसेल, हे मला माहीत आहे. अब्बांनाही असावे. तरी त्यांनी मला मुखपृष्ठाचा रंग सांगून ठेवला आहे.