छत्तीस लिफाफे

शाळेच्या स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून पाठवावी, असे पत्र आले तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर आली ती लाल कापडी बांधणीची एक हिशेबाची वही. जानेवारी १९८७ मध्ये आम्ही आठवीची छत्तीस मुले मुंबईला गेलो होतो. त्या सहलीचा जमाखर्च त्या वहीत लिहिण्याचे काम गृहपाल सरांनी माझ्याकडे सोपविले होते.

सहलीचा विचार दिवाळीपूर्वीच सुरू झाला. सरांनी फळ्यावर चार रकाने आखले आणि अंदाज आम्हालाच करायला लावला. विद्यार्थी-सवलतीचा प्रवास ४० रुपये, निवास ३०, जेवण ६० आणि मुंबई दाखविणारी खास बस ४०. एकूण माणशी १७० रुपये. वर्गात शांतता पसरली. आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील शेतमजूर होते. सर म्हणाले, “जाऊ तर सगळे जाऊ. आता यातले काय वगळता येईल, ते सांगा.”

मग एकेक रकाना पुन्हा तपासला गेला. दादरजवळच्या एका विहाराच्या सभागृहात दोन रात्री सतरंजीवर झोपण्याची सोय झाली. निवासाचे ३० रुपये गेले. भाकरी, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी व चिवडा बरोबर न्यायचा आणि रात्री सभागृहाच्या अंगणात खिचडी शिजवायची असे ठरले. जेवण २० रुपयांवर आले. खास बसऐवजी लोकल, बेस्टची बस आणि आपले पाय; तो खर्च १५ रुपये झाला. बेरीज ७५ झाली. आम्ही आनंदलो, तोच सरांनी त्यात ५ रुपये मिळविले. ते म्हणाले, “परक्या शहरात दुखणे विचारून येत नाही. ही शिल्लक दुखण्यासाठी.” दुसरा नियम असा की, वहीत ‘किरकोळ’ हा शब्द लिहायचा नाही. चार आणे गेले तरी कशावर गेले ते लिहायचे.

दिवाळीच्या सुटीला जाताना प्रत्येकाला एक कोरा लिफाफा मिळाला. त्यावर नाव घालायचे नव्हते. परत येताना ८० रुपये घालून तो बंद करून आणायचा. जमले नाही तर तसाच बंद करून आणायचा, परंतु आणायचा मात्र प्रत्येकाने.

घरी मी रक्कम सांगितली. बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवस ते गावात कोणाकोणाकडे जाऊन आले. निघताना आईने पिशवीत ज्वारीचे पीठ आणि चटणी बांधून दिली. एसटी थांब्यावर बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते मान वळवून उभे राहिले. गाडीत बसल्यावर मी तो रिकामा लिफाफा जिभेने ओला करून बंद केला.

लिफाफे उघडून मोजण्याचे कामही माझेच होते. सर समोर बसले होते. तीस लिफाफ्यांत पैसे निघाले, सहा रिकामे निघाले. त्यांतला माझा कोणता, हे मला ओळखू येत होते. कडेला चटणीच्या तेलाचा डाग होता. माझे कान तापले. सरांनी तो डाग पाहिला की नाही, मला ठाऊक नाही. ते एवढेच म्हणाले, “लिही. जमा २,४०० रुपये. तूट ४८०. ती कोणाची, हे वहीला कळण्याची गरज नाही.”

कापसाची वेचणी सुरू होतीच. तीन रविवार आम्ही छत्तीसही जणांनी शेजारच्या गावात कापूस वेचला. बोंडांच्या टोकांनी बोटे सोलली. संध्याकाळी कापूस एकत्रच तोलला जाई आणि मजुरीचा आकडा एकाच ओळीत लिहिला जाई. तिसऱ्या रविवारी तूट भरून निघाली.

बडनेऱ्याहून रात्रभराचा प्रवास करून आम्ही सकाळी दादरला उतरलो. चैत्यभूमीपर्यंत चालत गेलो. गेटवे, म्युझियम, फोर्टमधील सिद्धार्थ महाविद्यालयाची इमारत, सारे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलने बोरिवलीला गेलो. त्या वेळी गर्दी दक्षिणेकडे वाहत असते आणि आम्ही उत्तरेकडे चाललो होतो. सरांनी क्रम मुद्दामच तसा लावला होता. कान्हेरीच्या लेण्यांत सरांनी आम्हाला भिंतींवरचे ब्राह्मी लेख दाखविले. कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांनी कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी दिली, कोणी भिक्खूंच्या वस्त्रांसाठी कायमची ठेव ठेवली, असे त्यांनी समजावून सांगितले. एका मुलाने विचारले, “सर, मग हे ज्यांना मिळाले त्यांची नावे कुठे आहेत?” सर म्हणाले, “दान संघाला असते. संघात एकेकाचे नाव मोजत नाहीत.” मी वही छातीशी धरून उभा होतो. सरांनी माझ्याकडे पाहिले नाही, याचे मला आजही फार वाटते.

लेण्यांच्या पायऱ्यांवर एकाचा पाय मुरगळला. मलम, पट्टी व डॉक्टरांची फी मिळून २२ रुपये झाले. परतल्यावर प्रार्थनेनंतर मी सर्व हिशेब मोठ्याने वाचला. उरलेल्या १५८ रुपयांत ग्रंथालयासाठी नकाशांचे पुस्तक व एक शब्दकोश घ्यावा, असे सर्वांनी हात वर करून ठरविले.

पुढे नोकरीत आयुष्यभर मी हिशेबच तपासले. मोठमोठी अंदाजपत्रके हातांखालून गेली. आज मुंबईत दोन दिवस राहायचे म्हटले तरी त्या वहीतल्या रकमा हास्यास्पद वाटतील. पण रकाने तेच आहेत आणि दुखण्याची शिल्लकही तीच. बाबांना मी त्या सहा लिफाफ्यांविषयी कधी सांगितले नाही. उरलेले पाच कोणाचे होते, हे मलाही कळले नाही; त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर आपण एकटे नव्हतो एवढे त्याला कळावे.

यंदाच्या आठवीची सहल निघेल तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी आपला वाटा जरूर द्यावा. पैसे भरू न शकणाऱ्या मुलांची यादी मात्र कोणी मागू नये. तूट किती, एवढेच विचारावे.