बटाट्याचं माहेर

बालमित्रांनो, 'तापास' हा शब्द कधी ऐकलाय? स्पेनच्या भाषेत 'तापा' म्हणजे झाकण. माशी पडू नये म्हणून पेल्यावर पावाची चकती ठेवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आता तापास म्हणजे छोट्या छोट्या बशांतलं खाणं. बशा मधोमध ठेवायच्या नि सगळ्यांनी मिळून खायचं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भावानं आम्हांला पुण्यात अशा एका हॉटेलात नेलं. आम्ही आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचे. कार्डावरची नावं ऐकून आई हळूच म्हणाली, "इथं आपलं काय असणार गं? मी आपला चहा घेते." जन्मभर शेतात राबलेली माझी आई, अंग चोरून बसली होती. मला वाईट वाटलं.

मी पुढचं नाव वाचलं, "पातातास ब्रावास."

"पातातास म्हंजे बटाटा का गं?" आईनं विचारलं.

अगदी बरोबर! 'ब्रावास' म्हणजे रागीट. तळलेल्या फोडींवर तिखट, लालभडक रस घातलेला. मग अंडी-बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट आलं, टोमॅटो चोळलेला पाव आला. आई खुलली. "अगं, हे तर सातगाव पठारचे बटाटे नि नारायणगावचे टोमॅटो!" पण बशीचा दर कळला तेव्हा ती गप्प झाली. म्हणाली, "आपल्या पोत्याला मात्र भाव नसतो."

मुलांनो, गंमत पाहा. ही पिकं मुळात ना स्पेनची, ना आपली. बटाट्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. टोमॅटो आणि मिरचीही अमेरिकेचीच. कोलंबस निघाला होता आपल्याकडच्या मसाल्यांच्या शोधात. 1492 मध्ये पोचला अमेरिकेला. मिरी सापडली नाही, मिरची सापडली! पुढे स्पॅनिश लोकांनी बटाटा युरोपात नेला, पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला. आपला 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. ज्ञानेश्वर महाराजांनी 1296 मध्ये समाधी घेतली, तेव्हा महाराष्ट्रात यांतलं काहीच नव्हतं!

म्हणून सांगते, परक्या नावांना बुजू नका. ज्यांच्या घरी बटाटा पिकतो, त्यांनी तो खायला कुठंही ताठ मानेनं बसावं. आणि तुम्ही शहरात राहत असाल, तर बशीतली फोड उचलताना ती पिकवणाऱ्याची आठवण ठेवा.

आज स्वयंपाकघरात जा आणि अमेरिकेहून आलेले पदार्थ शोधा. शेंगदाणा विसरू नका हं!